विकणाऱ्याचे मौन

घेण्याचे आपल्याकडे जेवढे कौतुक आहे, तेवढे विकण्याचे नाही. नवी मोटार घरी आली की तिला हळदकुंकू लागते, पुढच्या भागावर स्वस्तिक उमटते, चाकाखाली लिंबू चिरडते आणि आळीभर पेढे वाटले जातात. पाडव्याचा मुहूर्त साधावा म्हणून माणसे महिना महिना आधी नाव नोंदवून ठेवतात. परंतु जुनी मोटार विकणाऱ्याने पेढे वाटल्याचे कधी आपण पाहिले आहे काय? ती बहुधा दिवेलागणीला, फारशी वाच्यता न होता दाराबाहेर पडते. आणि विकणारा, पैसे मोजून झाल्यावर, थोडासा ओशाळल्यासारखा घरात येतो.

या ओशाळेपणाचे कारण मी बरेच दिवस शोधीत होतो. जुन्या वस्तूवरची माया हे एक कारण असेलही. पण मला वाटते, खरे कारण निराळे आहे. घेणाऱ्यापाशी फक्त पैसे असतात, आणि पैशाला पोटात काही लपविता येत नाही. शंभराची नोट ही शंभराचीच असते. विकणाऱ्यापाशी मात्र वस्तूखेरीज आणखी एक गोष्ट असते. ती म्हणजे त्या वस्तूविषयीचे ज्ञान. वस्तूची किंमत ठरते, पण या ज्ञानाचे काय करावयाचे ते ठरत नाही. ते वस्तूबरोबर द्यावयाचे, की स्वतःपाशी ठेवून घ्यावयाचे? विकणाऱ्याने किती बोलावे?

हा प्रश्न गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात मुक्कामाला आला. माझा एक भाचा सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणण्याचा लहानसा कारखाना चालवितो. माग थोडे, कामगार पंधरा-सोळा. गृहस्थ निर्व्यसनी, पण मोटारींचे वेड असे, की त्याला व्यसन हाच शब्द लावावा लागेल. काही वर्षांपूर्वी त्याने मुंबईच्या एका माणसाकडून एक जपानी मोटार विकत घेतली. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन एक्स हे तिचे लांबलचक नाव. आपल्या जुन्या ओळखीची अँबॅसडर बनविणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सने २०१० साली ही गाडी तयार स्थितीत आयात करून भारतात विकावयास काढली होती. या जातीच्या गाड्या १९९२ पासून जपानात निघू लागल्या, त्या मुळी रॅलीच्या शर्यती डोळ्यांपुढे ठेवून. फिनलंडच्या टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले ते यांच्याच जोरावर. २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबले. दोन लिटरचे यंत्र, त्याला हवा कोंबणारा टर्बो, चारही चाकांना मिळणारी ताकद; आणि जपानातही आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालण्याची रीत असल्यामुळे सुकाणू उजव्या हाताला. सात रस्त्याच्या चौकात ती उभी राहिली की चहाच्या गाड्यावरची माणसे हातातला पेला तसाच ठेवून बघत.

आणि भाच्याने तिला जपानी कारागिरांनी दिली होती तशी ठेवली नव्हती. यंत्राच्या मेंदूतल्या आज्ञा बदलून घेऊन टर्बोचा दाब वाढविला होता. धुराची नळी रुंद केली होती. स्प्रिंगा बदलून गाडी दोन बोटे खाली बसविली होती. चाके निराळी, रंग निराळा. या सगळ्यावर त्याने किती पैसे घातले हे आमच्या बहिणीला आजतागायत ठाऊक नाही, आणि या अंकातून कळू नये अशी माझी इच्छा आहे.

इथपर्यंत सारे हौसेचे होते. पुढे एकदा सुकाणूच्या दांड्यातून आवाज येतो म्हणून मिस्त्रीने तो भाग उघडला आणि एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. अपघाताच्या क्षणी फुगून माणसाला वाचविणाऱ्या ज्या हवेच्या पिशव्या असतात, त्या गाडीत नव्हत्याच. डाव्या बाजूचे झाकण काढले, तेथेही पोकळी. म्हणजे गाडी पूर्वी कोठेतरी आदळली होती, पिशव्या फुटल्या होत्या, आणि नव्या बसविण्याचा खर्च वाचवून कोणीतरी वरची झाकणे नीटनेटकी बसवून दिली होती. एवढेच नव्हे. या पिशव्यांत काही बिघाड असला तर चालकापुढे एक तांबडा दिवा जळत राहतो. तो दिवा जळू नये, किल्ली फिरविल्यावर क्षणभर लागून शहाण्यासारखा विझावा, अशी तारांची करामत करून ठेवलेली होती. मुंबईच्या त्या माणसाने यातले अवाक्षर सांगितले नव्हते. त्याला ते ठाऊक होते की त्याचीही कोणी तशीच फसगत केली होती, हे देवच जाणे.

गेल्या वर्षी कारखान्याची चणचण झाली. सुताची देणी थकली, आणि दिवाळीचा बोनस तोंडावर आला. गाडी विकण्याखेरीज मार्ग उरला नाही. मध्यस्थाला दलाली द्यावयाची नाही, खाजगीतच विकावयाची, असे ठरले, आणि एका संध्याकाळी भाचा माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामा, गिऱ्हाईक आलं आहे. पण त्या पिशव्यांचं सांगायचं की नाही ते तुम्ही सांगा. सांगितलं तर तीन लाख तरी कमी होतात."

आणि मी तोंड उघडण्यापूर्वीच त्याने न सांगण्याची आपली बाजू मांडून टाकली. ती टाकाऊ नव्हती. पहिले म्हणजे, घेणाऱ्याला डोळे आहेत. त्याने आपला मिस्त्री आणावा, गाडी तपासावी. दुसरे, मला जशी मिळाली तशी मी देतो आहे. फसवणूक केली ती मागच्याने. तिसरे, बाजारात कोण सांगतो? आणि चौथे, जे त्याने थोडे थांबून सांगितले: हे तीन लाख माझ्या चैनीचे नाहीत, पंधरा घरच्या दिवाळीचे आहेत.

आता या चारही मुद्द्यांकडे एकेक करून पाहू.

डोळ्यांचा मुद्दा फार जुना आहे, आणि एके काळी तो बराचसा खराही होता. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, भरतो, तेव्हा जनावरांचाही बाजार भरतो. तेथे खिलारी बैल पाहावयास आलेला शेतकरी आधी बैलाचे तोंड उघडतो. दात पाहून आदत, दुसा, चौसा असे वय सांगतो. बैलाला चालवून पाहतो, खांदा दाबून पाहतो, खूर उचलून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते. या बाजारात विकणारा गप्प राहिला तरी बैल गप्प राहत नाही. त्याचे दात, त्याचे खूर, त्याची चाल बोलत असते. घेणारा आणि विकणारा दोघेही कुणबी, दोघांचाही जन्म जनावरांत गेलेला. मौनाने फारसे बिघडत नाही, कारण ज्ञान दोघांपाशी जवळजवळ सारखे आहे.

आपला कायदाही याच काळातला आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिच्याखाली उदाहरणे दिली आहेत ती घोड्याची. लिलावात एक जण दुसऱ्याला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. परंतु तोच घोडा घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल तर? तेव्हा सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निकोप समजेन, आणि विकणारा गप्प बसला, तर ते मौन बोलण्याच्या बरोबरीचे होते. रस्त्यावरून घोडे गेले, मोटारी आल्या. पण हा घोडा त्या कलमाखाली अजून उभाच आहे.

या उदाहरणांतला बारकावा मला फार मोलाचा वाटतो. मौन हे सर्वत्र सारखे नसते, असे कायदा म्हणतो. समोर कोण आहे, त्याला काय पाहता येते आणि तो कोणावर विसंबून आहे, यावर मौनाचा अर्थ बदलतो. आता आमच्या गाडीकडे पाहा. बैलाचे दात पाहता येतात. सुकाणूच्या पोटातली पोकळी कशी पाहावी? दहा हजारांत एखादा मिस्त्री ते झाकण उघडील. आणि ज्या दिव्याने खरे सांगावयाचे, त्यालाच खोटे बोलावयास शिकविलेले! बैल गप्प राहत नव्हता. ही गाडी मात्र किल्ली फिरविताक्षणी सांगते की माझे सर्व क्षेम आहे. त्याच १७ व्या कलमात, ठाऊक असलेली गोष्ट करणी करून झाकणे हीही फसवणूक म्हटली आहे. ती करणी भाच्याने केली नव्हती हे खरे. पण ती ठाऊक झाल्यावर तिच्यामागे गप्प उभे राहणे म्हणजे दुसऱ्याने रचलेल्या पडद्याचा दोर आपल्या हाती धरणे होय. दोर कोणी विणला हा प्रश्न मग फारसा उरत नाही.

प्राचीन रोमचा सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ व्या वर्षी, अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलासाठी, कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात घर विकणाऱ्याचा प्रश्न आहे. घर रोगट आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजके आहे, आणि हे मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? दोन तत्त्ववेत्ते, गुरू डायोजेनीस आणि शिष्य अँटिपेटर, येथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. शिष्य म्हणतो, सांगितलेच पाहिजे. वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखेच ते पाप आहे. गुरू म्हणतो, त्याने तुला घ्यावयास भाग पाडले काय? घर विकावयास काढले आहे, त्याची निंदा करावयास नव्हे. रोगट घर विकणे आहे अशी दवंडी कोणी पिटतो काय? गुरूचा युक्तिवाद चटकदार आहे, आणि माझ्या भाच्याने सिसेरो न वाचताच तो केला होता. पण सिसेरो स्वतः शिष्याच्या बाजूने कौल देतो. गप्प राहणे आणि लपविणे यांत तो भेद करतो: जे समोरच्याला ठाऊक असणे त्याच्या हिताचे आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, हे लपविणे. जगातले प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगत सुटावे असे तो म्हणत नाही. आपला नफा ज्या अज्ञानावर उभा आहे, ते अज्ञान टिकवून धरू नये, एवढेच.

दुसरा मुद्दा अधिक अवघड. मला मिळाले तसे मी पुढे देतो. ऐकावयास यात एक न्याय वाटतो. जणू दोष हा वारसा आहे आणि आपण मधले निरोपे. परंतु खोट्या नाण्याचा विचार करा. बाजारात कोणीतरी आपल्याला खोटा रुपया दिला. घरी आल्यावर तो बद्द वाजला. आता तो दुसऱ्याच्या गळ्यात मारावा काय? पुष्कळ भली माणसे मारतात, आणि त्यांना त्यात विशेष वाटत नाही. तोटा आपल्यापाशीच का थांबावा, असे त्यांना वाटते. १८६० च्या दंड संहितेने, जिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, या माणसाला बरोबर ओळखले होते. खोटा आहे हे जाणून जवळ बाळगलेला रुपया खपविणाऱ्याला तिने दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. आणि घेताना जे खोटे आहे हे ठाऊक नव्हते, पण नंतर कळूनही पुढे खपविले, त्याला दोन वर्षांपर्यंत. म्हणजे फसलेल्या माणसाविषयी कायद्याला कणव होती. माफी मात्र नव्हती. मला हे प्रमाण शहाणपणाचे वाटते. नाणे हाती आले तोवर आपण फसलेले असतो. ते ठाऊक झाल्यावर आपल्यापुढे दोन वाटा असतात: तोटा सोसून ते नाणे आपल्यापाशी थांबविणे, किंवा फसविणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहणे. तिसरी वाट नाही. दुष्टपणाची साखळी दुष्ट माणसांनीच चालते असे नव्हे. तिच्या बहुतेक कड्या आपल्यासारख्या फसलेल्या, चांगल्या माणसांच्याच असतात.

तिसरा मुद्दा, बाजारात कोण सांगतो, याला मी भाच्याच्याच धंद्यातून उत्तर दिले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. ते का मिळविले? भलतीकडे विणलेला हलका माल सोलापुरी म्हणून खपतो, घेणारा एकदा फसतो, आणि पुढे खऱ्या सोलापुरी चादरीलाही हलक्याच मालाचा भाव देऊ करतो, म्हणून. हे गाऱ्हाणे मी भाच्याच्याच तोंडून शेकडो वेळा ऐकले आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली हेच जुन्या मोटारींविषयी लिहिले, आणि पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत फसव्या मोटारीला लिंबू म्हणतात. आपण लिंबू चाकाखाली घालतो, ते लोक लिंबालाच चार चाके लावतात! अकरलॉफचे म्हणणे असे, की घेणाऱ्याला चांगली गाडी आणि लिंबू यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देईल. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकावयास येणार नाही. मग बाजारात लिंबेच उरतील, आणि भाव आणखी उतरेल. म्हणजे विकणाऱ्यांच्या मौनाचा दंड शेवटी फसविणारा भरीत नाही. तो भरतो खरे बोलणारा. चादरीच्या बाजारात तो दंड भरणारा माणूस मोटारीच्या बाजारात दुसऱ्याला तो भरावयास लावू पाहत होता. हे ऐकून भाचा गप्प झाला. पटले म्हणून, की मामा आता थांबत नाहीत म्हणून, हे मी विचारले नाही.

आणि तरीही चौथा मुद्दा उरलाच. पंधरा घरची दिवाळी. येथे माझे सिसेरो आणि अकरलॉफ दोघेही फिके पडले हे मी कबूल करतो. सत्य बोलावे हे सांगणे सोपे. पण त्या सत्याची किंमत सांगणाऱ्याच्या खिशातून न जाता मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या खिशातून जाणार असेल तर? श्रीमंताचे सत्य स्वस्त असते. ज्याला देणी आहेत त्याचे सत्य महाग, आणि ज्याच्यावर दुसरी माणसे अवलंबून आहेत त्याचे त्याहून महाग. ज्यांनी कधी पगार वाटला नाही त्यांनी पगार वाटणाऱ्याला नीती शिकविताना जरा आवाज खाली ठेवावा.

पण याचे उत्तर युक्तिवादातून आले नाही. गिऱ्हाईक गाडी पाहावयास आले, तेव्हा मी तेथे होतो. बार्शीकडचा एक तरुण, बरोबर त्याची बायको. लग्न होऊन वर्षही झाले नसावे. तो गाडीभोवती फिरून तिच्या आवाजाचे कौतुक करीत होता. ती डाव्या बाजूला जाऊन बसली, पट्टा बांधला, समोरच्या झाकणावरून सहज हात फिरविला, आणि हसून म्हणाली, "ऐसपैस आहे हो." त्या झाकणामागे काही नव्हते, हे तेथे उभ्या असलेल्या आम्हा दोघांना ठाऊक होते.

त्या क्षणी मला कायद्यातल्या घोड्याची उणीव कळली. घोड्याच्या सौद्यात दोनच माणसे आहेत: विकणारा आणि घेणारा. खोड निघाली तर घेणाऱ्याचे पैसे बुडतात. मोटारीच्या सौद्यात मात्र एक तिसरा माणूस असतो, आणि त्याला कोणीच काही विचारलेले नसते. तो कधी डाव्या बाजूला बसलेला असतो; कधी विजापूर रस्त्यावर सायकल हाती धरून रस्ता ओलांडावयाची वाट पाहत असतो. त्याने किंमत ठरविली नाही, रुमालाखाली बोटे धरली नाहीत, नफ्यात त्याचा वाटा नाही. पण तोट्यात वाटा आहे, आणि तो पैशाने मोजता येणार नाही. घेणारा डोळे उघडे ठेवून धोका पत्करू शकेल. या तिसऱ्याच्या वतीने धोका पत्करण्याचा अधिकार घेणाऱ्यालाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही. कामगारांची दिवाळी हे मोठे देणे खरेच. पण ते भाच्याचे देणे होते. ते त्या मुलीच्या जिवावर टाकता येत नव्हते, कारण तिने त्याच्याकडून काही उसने घेतलेले नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने हे दोन वेगवेगळ्या वेळी आपल्या परीने सांगितले आहे. २०१८ सालच्या एका निकालात ठरले, की गाडी हातोहात विकली गेली, पण नोंदणी जुन्याच मालकाच्या नावे राहिली, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावरच येते. म्हणूनच विक्रीनंतर चौदा दिवसांत विकणाऱ्याने परिवहन कार्यालयाला कळवावे असा नियम आहे. किल्ली दिली की सुटलो, असे नाही. आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना म्हटले, की बनविणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितली. म्हणजे भाच्यापाशी वस्तुतः दोन गाड्या होत्या: एक नोंदणीच्या कागदावरची आणि एक रस्त्यावरची. घेणारा कागदावरचीचे पैसे देणार, रस्त्यावरची घेऊन जाणार, आणि पंधरा वर्षे भरल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी निरीक्षकापुढे उभा राहील तेव्हा त्याला पहिल्यांदा कळणार की या दोघींची कधी भेटच झालेली नाही. यास्तव केवळ पिशव्यांचे नव्हे, हौसेने केलेल्या बदलांचेही सांगणे प्राप्त होते. ज्या गोष्टीचा आपण अभिमान बाळगतो तिचीही कधी कबुली द्यावी लागते, आणि ती दोषाच्या कबुलीहून जड जाते.

मग किती बोलावे? सगळेच काही सांगत बसावे असे मी म्हणणार नाही. गाडी का विकतो, घरी किती चणचण आहे, शेजाऱ्याला ती किती आवडली नव्हती, हे सांगण्याचे कारण नाही. घेणाऱ्याचे वय पाहून त्याला वेगाने चालवू नकोस असे कीर्तन ऐकविण्याचाही अधिकार आपल्याला नाही. विकणारा हा घेणाऱ्याचा पालक नव्हे. माझ्या मनाशी मी तीन कसोट्या ठरविल्या आहेत. जे घेणाऱ्याला स्वतः शोधून सापडणार नाही. जे कळले असते तर त्याने वेगळा विचार केला असता. आणि ज्याने सौद्याबाहेरच्या माणसाला इजा होईल, ते सांगावे. पहिल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर सांगावे. तिसरी एकटी असली तरी सांगावे. आणि सांगावयाचे ते असे, की समोरच्याला कळेल. पैसे मोजताना पुटपुटलेले सत्य हे सत्य नव्हे. ती फक्त पुढे भांडण झाले तर म्हणावयाची सोय असते.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याने इतके निश्चल तप केले की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले. त्याचा त्याला गर्व झाला, तेव्हा त्याला धर्म शिकण्यासाठी धाडले ते वाराणसीच्या एका दुकानदाराकडे. तुलाधार हा तराजू धरणारा, रस आणि सुगंधी द्रव्ये विकणारा वाणी. त्याचा धर्म एवढाच, की आपला तराजू सर्वांना सारखा. बाराव्या शतकात याच सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या काळी शरणांनी कायकाचा, म्हणजे प्रामाणिक श्रमालाच पूजा मानण्याचा, विचार सांगितला तोही याच कुळातला. तप अरण्यात करता येते. पण ते खरे की खोटे हे दुकानात कळते.

भाच्याने त्या तरुणाला सांगितले. पिशव्यांचे, दिव्याचे, टर्बोच्या दाबाचे, सर्व. तरुणाने शांतपणे ऐकून घेतले, आभार मानले, आणि बायकोला घेऊन तो निघून गेला. सत्याचे बक्षीस म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट किंमत देणारा कोणी आला, असे सांगावयास मला आवडले असते. पण तसे झाले नाही. पुढे महिन्याभराने कोल्हापूरचा एक कारखानदार आला. त्याचे स्वतःचे यंत्रशाळेचे काम, असल्या गाड्यांची जाण. केलेल्या बदलांची आणि नसलेल्या वस्तूंची यादी कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. नव्या पिशव्या बसल्याशिवाय आणि गाडी मूळ तपशिलावर आल्याशिवाय ती रस्त्यावर चालवावयाची नाही, असे ठरवून त्याने ती दुसऱ्या वाहनावर चढवून नेली. किंमत साडेतीन लाखांनी कमी आली. बोनस दिला गेला, वेळेवर दिला गेला, पण पतसंस्थेचे कर्ज काढून. आणि त्याचे हप्ते भाचा अजून फेडतो आहे. तो सुखी आहे काय, असे मला कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन, की तो बार्शीच्या रस्त्याने निर्धास्त जातो.

कदाचित सचोटीचा लाभ एवढाच असेल. ती आपल्याला श्रीमंत करीत नाही, बहुधा थोडी गरीबच करते. पण आपण विकलेली वस्तू जगात फिरत असते, आणि तिच्याबरोबर आपले मौन किंवा आपले शब्द फिरत असतात. घेण्याला मुहूर्त लागतो, कारण पुढे काय होईल ते आपल्याला ठाऊक नसते. विकण्याला तो लागत नाही. जे ठाऊक असावयास हवे ते तेथे आधीच ठाऊक असते. ते बोलून टाकले, की मग विकणाऱ्यानेही पेढे वाटावयास हरकत नसावी.